गिअर बॉक्सचा मागचा सील वर्षात दुसऱ्यांदा गळतोय – या वेळी घरीच बदलायचा आहे

तिसरा_गिअर | शनिवार, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी,

आमची व्हॅन २००३ची. पाच गिअर, हाताने बदलायचे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मधे एका तुकड्याचा प्रोपेलर शाफ्ट. १,८६,००० किलोमीटर झालेत. वडिलांनी घेतलेली गाडी, मी चालवायला शिकलो तो हिच्यावरच, त्यामुळे ती काढून टाकायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

आठ महिन्यांपूर्वी गिअर बॉक्सच्या शेपटीला, जिथे शाफ्ट आत शिरतो तिथे, ऑइल दिसायला लागलं. एका गॅरेजमधून सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, बदलून घेतला. तीनेक महिने सगळं कोरडं होतं. मग पुन्हा ओल धरली आणि आता रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी खाली तळहाताएवढा डाग असतो.

या वेळी मला स्वतः करायचं आहे. जॅक, दोन स्टँड, सॉकेटचा संच आहे, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा) मित्राकडून मिळेल. क्लच केबल, ब्रेक पॅड, रेडिएटरचे पाइप हे सगळं मी घरी केलेलं आहे. गिअर बॉक्सला मात्र कधी हात लावलेला नाही. गिअर बॉक्स खाली न उतरवता हा सील बदलता येतो का? आणि तीन महिन्यांत सील गेला तो सील वाईट होता म्हणून, की बसवण्यात चूक झाली म्हणून?

पाना_बारा | शनिवार, सकाळी ९.१५

मागचा सील असेल तर गिअर बॉक्स उतरवावा लागत नाही. प्रोपेलर शाफ्ट काढला की सील समोर येतो. पहिल्यांदा करणाऱ्याला अर्धा दिवस धरा. पुढचा, म्हणजे इंजिनकडच्या इनपुट शाफ्टचा सील असेल तर मात्र गिअर बॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते काम एकट्याने गाडीखाली झोपून करण्यासारखं अजिबात नाही.

तेलमीठ | शनिवार, सकाळी १०.०५

थांबा. सील मागवण्याआधी गळती नक्की कुठून आहे ते ठरवा. गाडी धावताना खालची हवा ऑइलला मागे ढकलते. इंजिनचा मागचा सील गळत असेल, तरी सगळं ऑइल वाहत वाहत गिअर बॉक्सच्या शेपटीला येऊन टपकतं. मी स्वतः एकदा अशाच समजुतीत चांगला सील काढून फेकलाय.

थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. इंजिन ऑइल वापरलेलं असेल तर काळपट, पातळ. गिअर ऑइल जाडसर, मधासारखं ओढलं जाणारं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. तो वास एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चुकत नाही. ऑटोमॅटिक गाड्यांचं ऑइल लालसर असतं, जुनं झालं की तपकिरी. तुमचा गिअर बॉक्स हाताचा आहे, पण काही हाताच्या गिअर बॉक्समध्येही तेच लाल ऑइल भरायचं असतं, तेव्हा एवढ्या एका रंगावर जाऊ नका.

मग तो सगळा भाग डीग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडा करा. वाळला की शेपटीवर आणि आजूबाजूला टाल्कम पावडर भुरभुरा. पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे सुरू झाली आहे, तिथे गळतीचं मूळ आहे. खालचा थेंब फसवतो.

अजून एक. तुमच्या गाडीला स्पीडोमीटरची केबल असेल, तर ती शेपटीच्या बाजूलाच आत शिरते. तिथे एक छोटी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असते. ती कडक झाली की ऑइल अगदी मागच्या सीलमधून आल्यासारखं दिसतं.

लोखंडे_मावशी | शनिवार, दुपारी १.३०

तेलमीठ यांनी सांगितलंय ते आधी कराच. मी चोवीस वर्षं वर्कशॉपमध्ये गिअर बॉक्सच्या कामावर होते, आता निवृत्त आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तोच खरा प्रश्न आहे.

नीट बसवलेला साधा सील सहज काही वर्षं चालतो. तीन महिन्यांत गेला, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की सीलला कुणीतरी मारतंय. सील बदलणाऱ्याने फक्त सील बदलला आणि मारणारा आतच राहिला. म्हणून दुसरा सील घालण्याआधी मारणारा शोधा.

पहिला संशय ब्रीदरवर. गिअर बॉक्सच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा नळी असते, आतली हवा बाहेर जाण्यासाठी. ती वर असल्याने कुणाला दिसत नाही आणि चिखलाने, धुळीने बंद होते. मग काय होतं बघा. गाडी सुरू करताना आतली हवा २५ अंशांवर आहे, तासभर चालवल्यावर ती ९० अंशांवर गेली. बाहेर जायला वाट नसेल तर दाब सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.२ बार जास्त. ऑइल फुगतं त्याने आणखी भर पडते. साधा लिप सील शिंपडलेलं ऑइल अडवण्यासाठी केलेला असतो, दाब धरून ठेवण्यासाठी नव्हे. तो ऑइल बाहेर सोडतोच. गाडी थंड झाली की उलट घडतं, आत ओढ बसते आणि पावसाचं पाणी, धूळ त्याच कडेतून आत जाते. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय हे समजा.

दुसरा संशय बुशवर. शेपटीत सीलच्या आतल्या बाजूला एक बुश, म्हणजे आधार देणारी धातूची नळी, असतं; शाफ्टचा योक, म्हणजे गिअर बॉक्समध्ये शिरणारं त्याचं पुढचं टोक, त्यात फिरतो. ते झिजलं की योक डोलायला लागतो. सीलची कड रबराची आहे, ती थोडं डोलणं सांभाळते, पण काही हजार किलोमीटर रोज चेचली गेली की हरते. तपासायला सोपं आहे. शाफ्ट जागेवर असताना योक सीलच्या अगदी जवळ हातात धरा आणि वर-खाली हलवा. हाताला किंचित जाणवलं तर चालतं. डोळ्यांना दिसेल एवढं हललं तर बुश गेलंय, आणि मग नुसता सील घालण्यात अर्थ नाही.

तिसरा संशय योकच्या पृष्ठभागावर. जिथे सील घासतो तिथे बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय. गंजाचे खड्डे असतील तर तेही सीलची कड कापतात.

आणि चौथा, ऑइल जास्त भरलेलं असणं. गाडीचं नाक वर असताना भरलं की लेव्हल चुकते.

हे चारही बघा आणि इथे लिहा. सील त्यानंतर.

तिसरा_गिअर | शनिवार, संध्याकाळी ७.२०

मावशी, तेलमीठ, मनापासून आभार. दिवसभर गाडीखालीच होतो.

वास गिअर ऑइलचाच आहे, शंका नाही. धुऊन, पावडर टाकून अठरा किलोमीटर फिरून आलो. स्पीडोमीटर केबलची जागा कोरडी. इंजिन आणि गिअर बॉक्सचा जोड कोरडा. सीलच्या बाहेरच्या कडेभोवती मात्र सगळीकडे ओल, खाली जास्त.

योक धरून हलवला. स्पष्ट दिसतं हलताना.

ब्रीदर शोधायला वेळ लागला. वर हात जेमतेम पोचतो. चिखल वाळून दगड झालेला होता, टोपी हलतच नव्हती. खरवडून, डीग्रीझर मारून ती मोकळी केली तेव्हा आतून हलकासा फुस्स आवाज आला. गाडी नुकतीच फिरवून आणलेली होती. तो आवाज ऐकला आणि गेले आठ महिने डोळ्यांसमोर आले. इतकी साधी गोष्ट, आणि कुणी वर बघितलंच नाही.

लोखंडे_मावशी | शनिवार, रात्री ८.०५

तो फुस्स आवाज म्हणजेच तुमचं उत्तर, निदान अर्धं. उरलेलं अर्धं बुश आहे. दोन्ही करा. सील आणि बुश दोन्ही मागवा. जुन्या सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. पण गेल्या वेळी चुकीचा सील बसवला गेला असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्या आकड्यांवर विसंबू नका, गाडीच्या पार्ट नंबरने मागवा.

निळा_धूर | शनिवार, रात्री ९.५०

एवढं सगळं कशाला करताय? गळती थांबवणारं औषध मिळतं, बाटली ओता आणि विसरा. माझ्या गाडीत दीड वर्ष झालं, थेंब नाही.

तेलमीठ | शनिवार, रात्री १०.१०

निळा_धूर, तुमच्या गाडीचा सील कदाचित नुसता कडक झाला असेल. ती औषधं रबर फुगवतात, मऊ करतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही काळ फरक पडतो, हे खरं आहे. पण इथे बुश झिजलंय. रबर फुगवून बुशातला खेळ कमी होत नाही. आणि गरजेपेक्षा जास्त मऊ झालेलं रबर पुढे लवकर झिजतं. कुणाला आठवडाभर वेळ काढायचा असेल तर ठीक, पण ज्याने स्टँड लावून गाडीखाली जायचं ठरवलंय त्याने नवीन सीलसोबत ते वापरू नये.

निळा_धूर | शनिवार, रात्री १०.३०

मान्य. माझ्या गाडीचं बुश कधी तपासलेलं नाही. उद्या हलवून बघतो.

पाना_बारा | रविवार, सकाळी ७.००

काम सुरू करण्याआधी हे वाचा. मला या धाग्यात सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

प्रोपेलर शाफ्ट काढला की इंजिन आणि मागची चाकं यांचा संबंध तुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवलीय म्हणून ती थांबून राहील, हे त्या क्षणापासून खोटं ठरतं. ऑटोमॅटिकमध्ये पी लावलंय, तेही तसंच. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल आणि मागची चाकंच हवेत असतील, तर तोही कामाचा नाही. काही जुन्या व्हॅनमध्ये हँडब्रेक गिअर बॉक्सच्या मागेच शाफ्टवर असतो, तिथे शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. म्हणून: सपाट आणि टणक जमीन, जमिनीवर असलेल्या पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पक्का अडसर. गाडी चेसिसच्या मजबूत भागाखाली स्टँडवर. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. स्टँड लावल्यावर गाडी बाजूने जोरात हलवून बघा, मगच खाली जा. आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे.

सायलेन्सरचा पाइप तिथूनच जातो. थंड होऊ द्या.

लोखंडे_मावशी | रविवार, सकाळी ११.४५

आता काम कसं करायचं ते लिहिते, सामान येईपर्यंत वाचून ठेवा.

ऑइल काढायचं असेल तर आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. भरायचा बोल्ट जाम असेल, झिजून गोल झाला असेल, तर ते ऑइल काढून टाकल्यावर कळण्यात अर्थ नाही, कारण मग गाडी जागची हलत नाही. मागची बाजू बरीच उंच उचलली तर ऑइल पुढे सरकतं आणि शेपटीतून थोडंच येतं, पण तुमचं ऑइल किती जुनं आहे हे माहीत नसेल तर बदलूनच टाका.

शाफ्टच्या मागच्या फ्लँजवर (बोल्ट लावायची चकती) आणि डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, फ्लँजवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. जोडताना ती रेघ जुळली पाहिजे. दोन्हींचा तोल तसाच राहतो. नाहीतर सील कोरडा आणि गाडी थरथरते, असं नवीनच दुखणं सुरू होतं. पुढच्या योकवर आणि शेपटीवरही खूण करून ठेवा. शाफ्ट सोडवल्यावर तो लोंबकळू देऊ नका, क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) ताण येतो. शाफ्ट बाहेर आहेच तर दोन्ही क्रॉस हाताने फिरवून बघा. अडखळत फिरत असतील तर आत्ताच बदला, कारण क्रॉसची थरथर थेट बुशावर येते.

जुना सील काढण्याआधी तो घराच्या, म्हणजे शेपटीतल्या त्याच्या बसायच्या जागेच्या, कडेपासून किती आत बसलाय ते मोजून लिहून ठेवा. काढायला हूक असलेलं सील पुलर सर्वांत चांगलं. ते नसेल तर सीलच्या पत्र्याच्या भागात बारीक भोक पाडून त्यात स्क्रू घालतात आणि पकडीने स्क्रू ओढतात. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, चुरा त्यातच अडकतो. शाफ्टवर किंवा घराच्या आतल्या भिंतीवर स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा पडू देऊ नका. त्या एका ओरखड्यातून नवा सील पहिल्या दिवसापासून गळेल.

बुश काढायला आतून पकडणारा पुलर लागतो. तो भाड्याने किंवा उसना मिळाला तर गाडीवरच काम होतं. नाही मिळाला तर शेपटीचं आवरण सोडवावं लागेल. नव्या बुशाला ऑइलसाठी भोक किंवा खाच असते, ती जुन्याच्या दिशेला आणि घरातल्या खाचेशी जुळलीच पाहिजे. हे चुकलं तर बुश कोरडं चालेल आणि तुम्ही सहा महिन्यांनी पुन्हा इथे लिहाल.

घर ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. नव्या सीलच्या बाहेरच्या कडेला रबर असेल तर सीलंट लावायची गरज नाही. उघडा पत्रा असेल तर अगदी पातळ थर, फक्त बाहेरच्या कडेला. आतल्या कडेला गिअर ऑइल किंवा ग्रीस नक्की लावा. सील कोरडा बसवला तर पहिल्या काही फेऱ्यांतच कड जळते. सीलची कड आवळून धरणारी बारीक स्प्रिंग असते, तिच्या मागच्या पोकळीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडून बाहेर येत नाही. स्प्रिंग असलेली बाजू आत, ऑइलकडे.

ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइप किंवा मोठं सॉकेट. एका बाजूला जोरात मारू नका. समोरासमोर, हलक्या हाताने, सगळीकडून सारखा आत गेला पाहिजे. आवाज बदलतो, तेव्हा तो तळाला टेकला. मोजलेल्या खोलीशी ताडून बघा.

रिव्हर्स_लाइट | रविवार, दुपारी ३.३०

मावशी, योकला चर पडला असेल तर त्यावर बसवायची पातळ पोलादी बाही मिळते ना? माझ्या गाडीत नख अडकतं.

लोखंडे_मावशी | रविवार, संध्याकाळी ५.१०

मिळते. तिची जाडी साधारण ०.२८ मि.मी. असते, म्हणून सीलचा आकार बदलावा लागत नाही. शाफ्टला फ्लँज असलेल्या गाड्यांवर ती उत्तम चालते. पण योक आत-बाहेर सरकणारा असेल तर विचार करा. तोच योक आत बुशातही फिरतो. बाही चढल्यावर व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. खड्ड्यात गाडी दबली, योक आत सरकला आणि बाहीची कड बुशाला लागली, तर बुश खरवडून निघेल. सरकणाऱ्या योकला चर असेल तर योकच बदला. किंवा घरात जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे कड चराच्या शेजारच्या चांगल्या भागावर येते.

चढाव_उतार | सोमवार, सकाळी ९.००

वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. डिफरन्शियलच्या पुढच्या बाजूलाही असाच सील असतो, पिनियनचा, आणि तोही शाफ्ट काढल्यावर दिसतो. हा धागा वाचून कुणी तो बदलायला जाऊ नका. तिथे मधला मोठा नट सोडावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत त्या नटावर बेअरिंगचा ताण ठरलेला असतो, आत चेपणारी नळी असते. अंदाजाने घट्ट केला तर बेअरिंग जातं. ते काम वेगळं, त्याची मापं वेगळी.

आणि पुढच्या चाकांना ताकद असलेल्या व्हॅनमध्ये मागचा सील नसतोच. तिथे दोन्ही बाजूंना ड्राइव्ह शाफ्टचे सील असतात. पद्धत हीच, फक्त शाफ्ट परत घालताना त्याच्या दातांनी नव्या सीलची कड कापू नये म्हणून तो हाताने पेलून सरळ आत न्यायचा.

तिसरा_गिअर | गुरुवार, रात्री ९.३०

सील, बुश आले. पुलर उसना मिळाला. ऑइलबद्दल एक विचारायचं होतं. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलंय. मला सांगितलं गेलं की जीएल-५ त्याहून वरचं, तेच घाला.

तेलमीठ | गुरुवार, रात्री १०.००

पुस्तकात आहे तेच घाला. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसण्यासाठीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४च्या जवळपास दुप्पट असतात. ती डिफरन्शियलच्या दातांसाठी आहेत. जुन्या गिअर बॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात, काही जीएल-५ ऑइल त्यांना खातात, आणि निसरडेपणामुळे गिअर पडताना कुरकुरही होऊ शकते. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे एवढ्यावरून ते तुमच्या गिअर बॉक्ससाठी चांगलं ठरत नाही.

तिसरा_गिअर | रविवार, संध्याकाळी ६.४५

झालं. सकाळी आठला सुरू केलं, तीनला गाडी जमिनीवर.

भरायचा बोल्ट आधी उघडला, मावशी, आणि बरं झालं. तो इतका जाम होता की रात्रभर गंज सोडवणारा स्प्रे मारून, लांब दांडा लावून सुटला. आतलं ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. किती निघालं ते मोजलं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पाव लिटरने कमी. म्हणजे इतके दिवस गाडी कमी ऑइलवर धावत होती. पाचव्या गिअरमध्ये बारीक घरघर होती ती मला टायरची वाटायची.

योकवर नख अडकत नाही. बारीक गंजाची छाया होती, ती ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत काढली. लांबीच्या दिशेने एकदाही घासलं नाही.

जुना सील काढला तेव्हा एक गोष्ट दिसली. तो एका बाजूने दीड मिलिमीटर जास्त आत होता. तिरका. म्हणजे बसवण्यातही चूक होतीच. पण बुश काढून हातात घेतलं तेव्हा खालच्या बाजूने ते स्पष्ट झिजून चकाकत होतं, त्यामुळे सरळ बसवला असता तरी तो सील फार टिकला नसता.

बुश बसवताना दहा मिनिटं नुसतं भोक कुठल्या दिशेला हवं ते बघत होतो. सील मात्र पहिल्याच प्रयत्नात सरळ गेला. आवाज खरंच बदलतो. खोली चार ठिकाणी मोजली, चारही सारख्या.

शाफ्टच्या रेघा जुळवल्या, बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाला आवळले. मग गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून, सपाट ठेवून ऑइल भरलं, बोल्टच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. ब्रीदर काढून पेट्रोलने धुतला, तोंडाने फुंकून हवा जाते हे बघितलं आणि मगच लावला.

जुनं ऑइल डब्यात भरून ठेवलंय, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांना देणार. ते गटारात किंवा मातीत ओतू नका, कुणीच.

पाना_बारा | रविवार, संध्याकाळी ७.३०

उत्तम काम. पाचव्या गिअरची घरघर आता कशी आहे ते सांगा. बऱ्याच गिअर बॉक्समध्ये पाचवा सर्वांत मागे असतो, ऑइल कमी पडलं की सर्वांत आधी उपाशी राहतो तोच.

निळा_धूर | रविवार, रात्री ८.१५

मी माझ्या गाडीचा योक हलवून बघितला. हलत नाही. पण ब्रीदर पूर्ण बंद होता. तो साफ केला. धन्यवाद मावशी.

तिसरा_गिअर | पाच आठवड्यांनंतर, रविवार सकाळी १०.२०

६४० किलोमीटर झाले, त्यातले दोनशे भर उन्हात सलग, माणसं आणि सामान भरून. काल परत आल्या आल्या गरम गाडीखाली कागद अंथरला. सकाळी कागद कोरा. हात घालून सीलची खालची कड पुसली, बोट कोरडं आलं.

पाचव्या गिअरची घरघर कमी झालीय, पण गेलेली नाही. वडिलांना शेजारी बसवून ऐकवली. ते म्हणाले, बेअरिंग आहे, अजून बराच काळ साथ देईल, पण कान ठेव. त्यासाठी वेगळा धागा काढेन. मावशी, तुम्ही तिथे याल ना?

लोखंडे_मावशी | रविवार, सकाळी ११.००

येईन. तोपर्यंत हजार किलोमीटरला ऑइल काढून त्यात चमकणारी पितळेची पूड दिसते का तेवढं बघून ठेवा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय त्याचा फोटोही काढा.